दंडातल्या इंजेक्शनचे 2,33,000 रुपये

मी तीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले आहे, हे आधीच सांगतो, म्हणजे वाचणाऱ्याला हसायचे असेल तर त्याने आत्ताच हसून घ्यावे. पत्नीला अल्झायमर होऊन चार वर्षे झाली होती आणि नातीचे नावही तिला आठवेनासे झाले होते, तेव्हा एका ‘केंद्रा’चा प्रतिनिधी मेंदूवाढीच्या प्रथिनांचे माहितीपत्रक घेऊन घरी आला.

त्या पत्रकात खोटे जवळजवळ काहीच नव्हते, हेच मला अजून टोचते. नर्व्ह ग्रोथ फॅक्टर या चेतापेशी वाढवणाऱ्या प्रथिनाच्या शोधासाठी रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅनली कोहेन यांना 1986 साली नोबेल मिळाले, हे खरे. 2001 साली सॅन डिएगोतील मार्क टुझिन्स्की यांच्या गटाने रुग्णाच्याच त्वचेच्या पेशींत त्या प्रथिनाचे जनुक घालून त्या मेंदूत सोडल्या, हेही खरे. पत्रक तिथेच संपत होते. पुढे 49 रुग्णांवर जनुकोपचाराची चाचणी झाली आणि 2018 साली जाहीर झालेल्या निकालात रुग्णांना फायदा दिसला नाही, हे मला मुलीने फार उशिरा शोधून दाखवले.

नोंदणीचे 11,000 आणि बारा इंजेक्शनांचे प्रत्येकी 18,500, म्हणजे 74,000 च्या तीन हप्त्यांत 2,22,000, असे एकूण 2,33,000 रुपये मी दिले. पावती एकाचीही नाही.

पहिल्याच दिवशी त्या प्रतिनिधीने सुई दंडात टोचली, तो क्षण मला आठवतो. रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये अडसर असतो, एवढी मोठी प्रथिने तो सहज ओलांडत नाहीत, म्हणून तर त्या संशोधकांना कवटीला छिद्र पाडावे लागले. हे मला ठाऊक होते आणि मी विचारलेही. तो म्हणाला, “सर, ते जुने झाले, आता नॅनो आहे.” मी मान डोलावली. मे महिन्याच्या उन्हात बाटल्या साध्या पिशवीतून, बर्फाशिवाय आल्या होत्या आणि चिठ्ठीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक काहीच नव्हते, तेही दिसत होते. पण त्याच संध्याकाळी तिने नातीला नावाने हाक मारली. या आजारात चांगले-वाईट दिवस येतातच, हे तेव्हा मला कोणी सांगितले असते तरी मी ऐकले नसते. माझ्या जागी कोणीही ऐकले नसते. प्रयोगातल्या औषधाचे पैसे रुग्णाकडून मागणारा माणूस मात्र दारातूनच परत पाठवा.

पोलीस ठाण्यात साहेबांनी विचारले, “पैसे तुम्ही स्वखुशीने दिले ना?” मग ही दिवाणी बाब असल्याचे सांगून औषधांच्या कार्यालयात जायला सांगितले. त्या कार्यालयाने बिल मागितले. बिल नाही म्हटल्यावर विक्री झाली हेच सिद्ध होत नाही, असे उत्तर मिळाले. वरच्या साहेबांकडे गेलो तर ते दौऱ्यावर. तीन वेळा गेलो, तिन्ही वेळा दौऱ्यावर! अर्जावर आवक क्रमांक मिळवायलाच दोन खेपा झाल्या आणि शेवटी तिथल्या लिपिकाने मला, निवृत्त शिक्षकाला, “शिकलेली माणसे अशी कशी फसतात?” असे विचारले.

भारतात खरी औषध-चाचणी सीटीआरआय या औषध-चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत आधी नोंदवावीच लागते. त्या नोंदणीचा क्रमांक मागा आणि तो स्वतः तपासा. बाटलीचा फोटो टोचण्यापूर्वी काढा.

दहा इंजेक्शने दिली गेली, दोन बाटल्या अजून आमच्या फ्रिजच्या दारात आहेत. ज्या कार्यालयाला त्या तपासायच्या असतील, त्याने माणूस पाठवून न्याव्यात. माझ्या अर्जावर पत्ता लिहिलेला आहे.