मागच्या चाकाला शीटची झाकणं: डिसेंबर ते जुलै, नागपूर

सायकलला हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून डिस्क व्हील, म्हणजे स्पोकऐवजी थाळीसारखं बंद चाक, लावतात. कार्बनचं अख्खं डिस्क व्हील मला परवडणारं नव्हतं. म्हणून स्पोकच्या मागच्या चाकालाच दोन्ही बाजूंनी प्लास्टिक शीटची झाकणं बसवली. डिसेंबरपासून काटोल रोड आणि आउटर रिंग रोडवर चालवतोय. मधे मटेरियल बदलावं लागलं.

पहिली जोडी पॉलिकार्बोनेटची. कडक, पारदर्शक, फार देखणी. ते दीडशे अंशांच्या आसपास मऊ पडतं, तेव्हा आपल्या मे महिन्याची भीती नाही असा माझा हिशेब होता. पण घात केला पेट्रोलनं. चेन पेट्रोलनं धुवायची माझी जुनी सवय, आणि ताणात असलेल्या पॉलिकार्बोनेटला पेट्रोल किंवा थिनर लागलं की बारीक तडे जातात. मार्चमध्ये स्क्रूच्या भोकांभोवती केसाएवढ्या रेषा दिसल्या. पंधरा दिवसांत एक भोक कडेपर्यंत फाटलं.

मग ०.७५ मिमीची पॉलिप्रॉपिलीन शीट आणली. ५९० मिमी व्यासाचं एक झाकण साधारण १८५ ग्रॅम भरतं. तेवढ्याच जाडीचं पॉलिकार्बोनेट २४५. चेन धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांनी हिला काही होत नाही. अडचण एकच, हिला गोंद धरत नाही. हबपाशी, म्हणजे मधल्या आसापाशी, चाक रुंद असतं, म्हणून शीटला कडेपासून मध्यापर्यंत चीर देऊन कडा एकमेकींवर सरकवायच्या, की उथळ शंकू होतो. तो जोड मी चिकटवला आणि दोन दिवसांत सुटला. शेवटी रिव्हेट मारले.

उन्हाळ्याचं वेगळंच. मार्चच्या सकाळी २० अंशांत घट्ट बसवलेलं झाकण मेच्या ४५ अंशांत दीड-दोन मिलिमीटर वाढलं, लाटा आल्या आणि ब्रेकच्या रबराला घासू लागलं. भोकं लांबट केल्यावर थांबलं. काळी शीट ऊन जास्त सोसते, पण तापतेही जास्त. मी पांढरी घेतली आणि सायकल सावलीतच ठेवतो.

पुढच्या चाकाला मात्र लावू नका, हे कळकळीनं सांगतो. १९८४ मध्ये इटलीचे सायकलपटू फ्रान्चेस्को मोझेर यांनी मेक्सिको सिटीत तासाभरात ५१.१५१ किमी कापले तेव्हा दोन्ही चाकं डिस्कची होती, पण तो शर्यतीचा ट्रॅक होता, रहदारीचा रस्ता नव्हे. जूनच्या आडव्या वाऱ्यात शेजारून ट्रक गेला की मागचं चाकसुद्धा ढकलल्यासारखं होतं. पुढचं तर हँडलच फिरवेल. सपाट रस्त्यावर ताशी तीस किमीच्या पुढे चाकाचा घुमणारा आवाज आणि वेग टिकल्याची जाणीव मिळते. वेळेचा नेमका फरक मी मोजलेला नाही. जुलैअखेर पाहिलं, रिव्हेटपाशी एकही तडा नाही.