हरणासाठी पहिली .३०८ घेतलीत, आता काडतुसं कुठली?

रायफल घेऊन झाली, हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, आणि आता तुम्ही दुकानात काडतुसांच्या भिंतीपुढे उभे आहात. २० काडतुसांचा एक खोका ३० डॉलरला, शेजारचा जवळजवळ दुप्पट किमतीला, आणि दोन्हींवर हरणाचंच चित्र. इथे पेनसिल्व्हेनियात थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी रायफलीचा मोसम उघडतो. त्याआधी महिना-दोन महिने आपल्या मराठी मित्रांकडून मला हा प्रश्न हमखास येतो, आणि विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा .३०८ विंचेस्टर या मापाच्या काडतुसाची बोल्ट ॲक्शन (दर गोळीनंतर हाताने खटका मागेपुढे करायची) रायफल असते. म्हणून पुढचं सगळं त्याच रायफलीला आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणाला धरून. (एच-१बीवर असाल तर एक लक्षात ठेवा: त्या व्हिसावर एरवी फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना हा त्यातला अपवाद आहे, म्हणून परवाना आधी, खरेदी मागून.)

भिंतीवरचा सगळ्यात स्वस्त खोका बहुधा एफएमजेचा असतो, म्हणजे शिशाभोवती पूर्ण कवच असलेल्या गोळीचा. तो कागदावर नेम धरण्यासाठी ठीक आहे. ही गोळी अंगात फुलत नाही, बारीक भोक पाडून आरपार जाते, आणि हरीण दूर कुठेतरी झुडपात जाऊन हाल होऊन मरतं. पेनसिल्व्हेनियात ती हरणावर चालवणं बेकायदाही आहे.

खरी निवड सुरू होते ती मऊ टोकाच्या, म्हणजे टोकाला शिसं उघडं असल्याने अंगात फुलणाऱ्या गोळ्यांपासून. रेमिंग्टन कोअर-लॉक्ट, फेडरल पॉवर-शॉक, विंचेस्टर पॉवर-पॉइंट आणि हॉर्नडी अमेरिकन व्हाइटटेल ही चार नावं. दुकान आणि हंगाम पाहून खोका साधारण २५ ते ३५ डॉलरला पडतो. चौघांतही १५० ग्रेनची, म्हणजे जेमतेम पावणेदहा ग्रॅमची गोळी मिळते आणि छापील वेगही एकच असतो: सेकंदाला २८२० फूट. त्यामुळे वेगाचे आकडे ताडून वेळ घालवू नका.

फरक आहे तो गोळीच्या घडणीत. हाडावर आदळल्यावर तांब्याचं कवच आणि आतलं शिसं वेगळं झालं, तर गोळी खोल जात नाही. कोअर-लॉक्ट १९३९ पासून बाजारात आहे. तिचं कवच मधल्या भागात जाड ठेवून शिसं धरून ठेवलेलं असतं. हॉर्नडीच्या गोळीत हेच काम कवचाच्या आतली एक उंच कडी करते. बाकी दोन घडणीने साध्या आहेत, पण शंभर यार्डांच्या आत, खांद्याच्या मागे, बरगड्यांतून फुफ्फुसात गेलेल्या गोळीसाठी चारही पुरेशा आहेत. आमच्या दाट जंगलात बहुतेक नेम एवढ्याच अंतरावर मिळतो.

यापेक्षा एक पायरी वर फेडरल फ्यूजन. तिच्यात तांबं शिशावर विद्युत-रासायनिक पद्धतीने चढवलेलं असतं, त्यामुळे दोन्ही सहसा सुटत नाहीत. खोक्यामागे पाचेक डॉलर जास्त. थेट खांद्याच्या हाडावर नेम धरणार असाल तर ते पैसे द्यावेत. नाहीतर तेवढ्या पैशांत सराव वाढवावा असं माझं मत आहे.

अख्ख्या तांब्याच्या गोळीचा विचार वेगळा करावा लागतो. किंमत बहुधा दीडपट किंवा त्याहून जास्त, पण शिशाचे कण मटणात उतरत नाहीत. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात दान आलेल्या हरणाच्या खिम्यात शिसं सापडलं आणि राज्याने अन्नपेढ्यांना तो खिमा टाकून द्यायला सांगितलं. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी चालतच नाही. घरात लहान मूल असेल किंवा कोणी गरोदर असेल, तर मी किमतीकडे न बघता तांब्याची गोळी घेईन. शिशाचीच वापरलीत तर जखमेभोवतालचं मांस सढळ हाताने कापून टाका.

वजनाबद्दल थोडक्यात: १८० ग्रेनची गोळी खांद्याला जास्त धक्का देते. नवशिक्या माणूस त्या धक्क्याच्या भीतीने चाप दाबताना दचकतो. हरणाला १५० पुरते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहितोय ती. पहिल्या मोसमात मी सगळा सराव स्वस्त एफएमजेवर केला आणि ऐन शिकारीच्या पहाटे वेगळ्या, महागड्या खोक्यातली काडतुसं भरली. ऐंशी यार्डांवर मादी उभी होती. नेम बरगड्यांवर धरला, गोळी चार इंच खाली गेली आणि तिचा पुढचा पाय मोडला. अंधार पडेपर्यंत मी रक्ताचा माग काढला, दुसऱ्या सकाळी परत गेलो. ती सापडली नाही. आजही त्या ओढ्याजवळून जाताना पाय थबकतात.

एकाच रायफलीतून दोन जातींची काडतुसं एकाच जागी लागतील असं नसतं. म्हणून सराव आणि शिकार एकाच खोक्यातून करता येईल असंच काडतूस निवडा. परवडणाऱ्या काडतुसाचा खरा फायदा हाच. मऊ टोकाच्या त्या चौघांपैकी कुठल्याही दोघांचा एकेक खोका आणा. नळी थंड होऊ देत, शंभर यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे गट पाडा. हरणाचा मर्मभाग साधारण आठ इंचांचा असतो, म्हणजे दोन इंचांत बसणारा गट भरपूर झाला. ज्या काडतुसाचा गट आवळ येईल त्याचेच आणखी चार खोके घ्या, शक्यतो एकाच लॉट नंबरचे, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेले. एकूण खर्च दोनशे डॉलरच्या आसपास जातो. त्यातला काही भाग हरणांकडेच परत जातो: काडतुसांवर ११ टक्के फेडरल अबकारी कर असतो आणि १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने तो राज्यांना वन्यजीवांसाठी मिळतो.

आणि रेंजवर नेता ती बॅग भारतात जाताना कधीच वापरू नका. कप्प्यात राहिलेलं एक काडतूसही मुंबई विमानतळावर शस्त्र अधिनियम, १९५९ खाली गुन्हा नोंदवायला पुरतं.