कोळ्यांचा बंदोबस्त: दोन हजार चारशेची फवारणी आणि साडेतीनशेचा झाडू

टिळकवाडीतील आमचे घर जुने आहे. पुढचा भाग स्लॅबचा, मागील स्वयंपाकघर आणि कोठीची खोली मंगळुरी कौलांची, आणि अंगणातील फणसाला लागून मोटारीसाठी पत्र्याची शेड. बेळगावचा पाऊस एकदा सुरू झाला की भिंतींना ओल सुटते, ओलीवर चिलटे आणि डास जमतात आणि त्यांच्या मागोमाग कोळी येतात. दरवर्षी घटस्थापनेपूर्वी स्टुलावर चढून मी स्वतःच जळमटे काढत असे. यंदा गुडघ्याने ते नाकारले, म्हणून शहरातील एका कीटकनियंत्रण सेवेला बोलावले. ज्यांच्या घरी सणापूर्वी हाच विचार चालू असेल, त्यांच्यासाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे. सेवेचे नाव मुद्दामच देत नाही, कारण माझी तक्रार एका दुकानापेक्षा या पद्धतीबद्दल अधिक आहे.

घराबरोबर मोटारीचीही फवारणी करून घ्यावी, हा आग्रह माझा होता. श्रावणात आम्ही जांबोटीकडून कणकुंबीला मलप्रभेच्या उगमाचे दर्शन घ्यायला निघालो होतो. वाटेत समोरची ऊन अडवणारी झडप मी खाली ओढली आणि तळहाताएवढा तपकिरी कोळी थेट स्टिअरिंगवर उतरला. तो कोणाला चावला नाही, पण यजमानांचा हात सुटला आणि मोटार रस्त्याच्या कडेच्या चिखलात गेली. चालत्या गाडीतील कोळ्याचा खरा धोका विषाचा नसून दचकण्याचा आहे, हे त्या दिवशी चांगलेच कळले.

सेवेचे एकूण बिल दोन हजार चारशे रुपये झाले. घराचे सतराशे आणि मोटारीचे सातशे. दोन मुले सांगितलेल्या वेळेला, दहाच्या ठोक्याला आली, हे प्रथम नमूद केले पाहिजे. त्यांनी स्वयंपाकघरातील भांडी झाकून घेतली, नातवाच्या माशांच्या टाकीवर ओले कापड टाकून तिचा हवेचा पंप बंद करायला लावला (या जातीची औषधे माशांना फार घातक असतात), आणि आम्हाला चार तास बाहेर थांबायला सांगितले. फवारणी नीट, कोपरे न चुकवता केली. निघताना त्यांतील थोरला म्हणाला, “अक्का, जेड लगेच मरत नाही, आठ दिवस थांबा.” जेड म्हणजे कन्नडमध्ये कोळी.

आठ दिवस थांबले, नंतर आणखी आठ. झुरळांच्या बाबतीत निकाल उत्तम लागला. गॅसच्या टाकीमागे रोज सकाळी पाचसहा उताणी पडलेली सापडत आणि मोरीपासून निघणारी मुंग्यांची रांग तर कायमचीच थांबली. कोळी मात्र होते तिथेच होते. कोठीच्या खोलीत, तांदळाच्या डब्यावरच्या कोपऱ्यात, केसासारख्या लांब पायांचा एक कोळी उलटा लटकलेला असतो. झाडूचे टोक जवळ नेले की तो जाळ्यासकट इतक्या वेगाने थरथरतो की डोळ्यांना तो दिसेनासा होऊन नुसते धूसर वर्तुळ उरते. फवारणीनंतर सोळाव्या दिवशी मी त्याला टॉर्चच्या उजेडात पाहिले. तो ‘ती’ निघाली. अंड्यांचा बारीक घोस तिने जबड्यात धरला होता आणि तो इतक्या विरळ धाग्यांनी बांधलेला होता की एकेक अंडे मोजता आले असते.

असे का होते, याचे कारण अवघड नाही. बिलावर सायपरमेथ्रिन लिहिले होते. शेवंतीच्या कुळातील एका फुलापासून मिळणाऱ्या कीटकनाशक द्रव्याची ही कारखान्यात बनवलेली भावंडे. ती कीटकांच्या मज्जातंतूंवर परिणाम करतात. भिंतीवर बसलेला त्यांचा थर, कीटक त्यावरून चालला की पायांवाटे अंगात जातो. झुरळ रात्रभर भिंतीला पोट घासत फिरते, म्हणून ते मरते. जाळ्यात राहणारा कोळी भिंतीला फारसा शिवतच नाही. तो स्वतःच्या धाग्यांवर जगतो. भिंतीवरून चालणारा मोठा कोळीसुद्धा लांब पायांच्या टोकांवर अंग उचलून चालतो. अंड्यांभोवती दाट रेशमी पिशवी विणणाऱ्या जातींची अंडीही अशा फवारणीतून सहज वाचतात. फवारणीने फार तर कोळ्याचे अन्न कमी होते आणि काही कोळी दुसरीकडे जातात. आमच्याकडचे दोन बहुधा न्हाणीघरात गेले.

तीन महिन्यांची हमी होती म्हणून दूरध्वनी केला. समोरच्या माणसाने हमीपत्र वाचायला सांगितले. ते कन्नडमध्ये होते. मला कन्नड बोलता येते, पण छापील मजकूर वाचताना मी अडखळते. म्हणून शेजारच्या वैनींकडून वाचून घेतले. त्यात जिरळे म्हणजे झुरळ होते, इरुवे म्हणजे मुंगी होती, जेड मात्र कुठेच नव्हता. ज्या कोळ्यांसाठी बोलावले, त्यांचीच हमी नाही, हे पैसे घेण्यापूर्वी तोंडी सांगायला हवे होते. माझी मुख्य तक्रार हीच आहे. आपल्या भागात करारपत्र कोणत्या भाषेत हातात पडेल याचा नेम नसतो, तेव्हा सही करण्यापूर्वी ते कोणाकडून तरी वाचून घ्यावे.

मोटारीचे सातशे रुपये तर सरळ वाया गेले. त्यांनी डॅशबोर्डखाली आणि आसनांखाली औषध मारून काचा बंद केल्या. वास चार दिवस गेला नाही आणि सुनेचे डोके दुखत राहिले. दुसऱ्याच सकाळी उजव्या आरशापासून दारापर्यंत नवे जाळे तयार होते, दवबिंदूंसह. ते विणणारा कोळी आरशाच्या काचेमागील पोकळीत राहतो आणि तिथे कोणी औषध मारलेच नव्हते. यावर उपाय फुकटचा आहे. आतील बटणाने आरशाची काच पूर्ण एका बाजूला कलती करावी, दुसऱ्या बाजूला जी फट पडते तीत रंगकामाचा मऊ ब्रश घालून फिरवावा आणि कोळी बाहेर आला की त्याला फणसावर सोडावे. आठवड्यातून एकदा असे केले की पुरते. रात्री काचा बोटभर उघड्या ठेवण्याची सवयही आम्ही सोडली.

मोटारीतील कोळी हा बायकी भित्रेपणा आहे असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी (यजमानही त्यांतलेच) एक माहिती देते. 2011 मध्ये माझदा कंपनीने उत्तर अमेरिकेत सुमारे 65 हजार गाड्या परत बोलावल्या, कारण एका जातीचा पिवळा कोळी इंधनटाकीच्या हवेच्या नळीत जाळे विणत होता. 2013 मध्ये टोयोटाने आठ लाखांहून अधिक गाड्या परत बोलावल्या. तिथे एसीचे पाणी बाहेर सोडणारी नळी जाळ्याने तुंबण्याची शक्यता होती आणि ते पाणी एअरबॅगच्या यंत्रणेवर पडत होते. हे वाचून आमच्या डाव्या पायघडीखाली येणाऱ्या ओलीकडे माझे लक्ष गेले. उद्यमबागेतील एका मेस्त्रींकडून नळी हवेने साफ करून घेतली. तिच्यातून जाळे काही निघाले नाही, निघाला तो फणसाचा पालापाचोळा. पण ओल थांबली.

आता झाडूविषयी. गणपत गल्लीतील एका भांड्यांच्या दुकानातून साडेतीनशे रुपयांना लांब दांड्याचा, गोल डोक्याचा जळमटांचा झाडू आणला. दांडा तीन नळ्यांचा असून तो ओढला की कौलांच्या आढ्यापर्यंत पोचतो आणि स्टूल लागत नाही. गोल डोके कोपऱ्यात फिरवले की जळमट ताटातील शेवयांसारखे गुंडाळून येते, भिंतीला फासले जात नाही. नायलॉनच्या केसांमुळे तो धुताही येतो. दोष एकच, पण तो मोठा आहे: मधला जोड पिळून घट्ट करावा लागतो आणि दांडा पूर्ण लांब केला की हमखास सैल होतो, दोनदा तो माझ्या खांद्यावर आपटला. जोडावर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवल्यापासून तक्रार नाही. याखेरीज ओसरीवरची पांढरी ट्यूब काढून पिवळा दिवा लावला. त्याच्याकडे पाखरे कमी येतात, त्यामुळे ओसरीच्या छतावरची जाळीही कमी झाली. या दोन गोष्टींनी जे साधले, ते फवारणीने साधले नाही. झुरळांसाठी मी ही सेवा पुन्हा बोलावीन आणि पाचपैकी चार गुण देईन. कोळ्यांसाठी एक, तोही वेळेवर आल्याबद्दल.

राहिला तो मोठा तपकिरी कोळी. शास्त्रीय नाव हेटेरोपोडा व्हेनाटोरिया. तो जाळे विणत नाही, रात्री झुरळे धरून खातो; चावला तर दुखते, पण तो माणसाला धोक्याचा नाही. सासूबाईंच्या मते कोळी अंगावर चिरडला की फोड येतात, म्हणून त्याला मारायचे नाही, हा घरातील जुना नियम आहे, आणि कारण कसेही असले तरी नियम मला सोयीचा वाटतो. आमच्याकडची मादी स्वयंपाकघरात दिनदर्शिकेच्या मागे राहते. गेल्या महिन्यात ती पोटाखाली नाण्यासारखी चपटी पांढरी अंड्यांची पिशवी घेऊन फिरत होती. एकादशी पाहायला पान उलटण्यापूर्वी मी आता भिंतीवर दोनदा टकटक करते आणि तिला बाजूला सरकायला वेळ देते.