देव आणि उत्क्रांती एकत्र नांदवायचे, तर कुठल्या वाटेने?

संध्याकाळी देवापुढे दिवा लागतो, आजोबा दर गुरुवारी दत्ताला जातात, आणि दहावीतली नात राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या पुस्तकाच्या दुसऱ्या भागातला ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पहिलाच धडा घेऊन विचारते, की मग यातलं खरं कोणतं? अशा घरांसाठी हे लिहितो आहे. मी जीवशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवलं आणि दत्तभक्तांच्या घरात वाढलो, त्यामुळे ही निवड मला टाळता आली नाही. माकडाचा माणूस झाला नाही, दोघांचा पूर्वज एक होता, एवढं वाचकाला माहीत आहे असं धरतो.

‘दोन्हींतलं एकच ठेवा’ म्हणणारे दोन्ही बाजूंना आहेत. त्यांची वाट सरळ आहे, पण ज्यांना दोन्ही हवं आहे त्यांना तिचा उपयोग नाही. उरतात तीन वाटा.

पहिली आपल्याकडे सर्वांत लाडकी: दशावतार म्हणजेच उत्क्रांती. आधी पाण्यातला मत्स्य, मग पाण्यात आणि जमिनीवर वावरणारा कूर्म, जमिनीवरचा वराह, अर्धा पशू अर्धा नर नृसिंह, बुटका वामन आणि पुढे पूर्ण माणूस. ऐकायला सुरेख वाटतं. आजीचं मन दुखावत नाही, मुलाला धडा परका वाटत नाही. पण ही सांगड फार जुनी नाही. डार्विनचं पुस्तक 1859 सालचं. थिऑसॉफी पंथाच्या प्रवर्तक मॅडम ब्लाव्हाट्स्की यांनी 1877 साली अवतारांची ही जुळणी मांडली, पुढे ब्राह्मो समाजाचे नेते केशवचंद्र सेन यांनीही ती सांगितली. डार्विनच्या आधी एखाद्या भाष्यकाराने अवतारांचा असा अर्थ लावल्याचं निदान माझ्या वाचनात नाही.

मला या वाटेवर सगळ्यात जास्त काय खटकलं ते सांगतो, कारण माझा निर्णय तिथेच झाला. ही जुळणी मुलाच्या पहिल्या प्रश्नाला पुरते, दुसऱ्याला पुरत नाही. वर्गात हमखास कुणीतरी विचारायचं, ‘सर, मग पक्षी कुठल्या अवतारात?’ प्रश्न अगदी रास्त आहे. पक्षी नाहीत, कीटक नाहीत, झाडं तर नाहीतच. कासव सरपटणाऱ्या प्राण्यांच्या गटातलं, बेडकाच्या गटातलं नाही. परशुराम तर रामाला प्रत्यक्ष भेटतो, म्हणजे क्रमही राहत नाही. अशा वेळी शिक्षकापुढे दोनच मार्ग असतात: जुळणी सोडायची किंवा मुलाला गप्प बसवायचं. दुसरा मार्ग घेतलेला मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्या मुलाचा उतरलेला चेहराही पाहिला आहे. उत्क्रांती म्हणजे माणसापाशी संपणारी शिडी नव्हे, ते फांद्या फुटत गेलेलं झाड आहे, आणि आपण त्याच्या एका डहाळीवर आहोत. दशावताराची जुळणी नेमकी हीच गोष्ट पुसून टाकते. शिवाय भक्ताचंही यात नुकसानच होतं. खांबातून प्रल्हादासाठी प्रकट झालेला नृसिंह वराह आणि वामन यांच्यामधला एक ‘दुवा’ होऊन बसला, की त्या कथेतला धावून येणारा देव कुठे राहिला?

कल्पाचंही तेच. एक कल्प, म्हणजे ब्रह्मदेवाचा एक दिवस, 432 कोटी वर्षांचा, पृथ्वीचं वय सुमारे 454 कोटी वर्षं. आकडे जवळ दिसले की लगेच टाळ्या पडतात. उद्या मोजणी सुधारली तर श्रद्धेनेही हलायचं का? जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादला एका तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्र्यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा असल्याचं जाहीर केलं. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठे लिहिलेलं नाही, असा त्यांचा मुद्दा होता. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी त्याला जाहीर विरोध केला. ‘आमच्याकडे हे आधीच लिहिलंय’ आणि ‘आमच्याकडे हे लिहिलेलं नाही’ ही दोन विधानं उलटी दिसतात, पण दोन्ही विज्ञानावर पोथीचा शिक्का मागतात.

दुसरी वाट याहून बरीच भक्कम आहे: उत्क्रांती हीच ईश्वराची घडवण्याची रीत. आधुनिक उत्क्रांतिशास्त्राचे एक शिल्पकार थिओडोसियस डोबझान्स्की श्रद्धाळू ख्रिस्ती होते. मानवी जनुकसंचाचा प्रकल्प तडीस नेणारे फ्रान्सिस कॉलिन्सही तसेच. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 मध्ये उत्क्रांती ही निव्वळ कल्पनेपेक्षा अधिक काही असल्याचं मान्य केलं. वसई-गोव्यातल्या कॅथलिक घरांना त्यामुळे मोठा आधार मिळाला. चराचरात ईश्वर पाहणाऱ्या आपल्या घरांना तर ही वाट आणखी सोपी, कारण बायबलमधल्यासारखं सहा दिवसांत सृष्टी घडल्याचं ओझं आपल्या डोक्यावर नाही. इथे विज्ञानातलं काहीही कापावं लागत नाही.

अडचण येते ती उंबर फोडल्यावर. दत्ताच्या देवळातल्या औदुंबराचं पिकलेलं फळ नखाने उकला, आतून केंबरं, म्हणजे बारीक माश्या, भुर्रकन उडतात. फुलं आतच असतात. केंबराची चिमुकली मादी फळाच्या टोकाच्या छिद्रातून आत शिरते, तेव्हा तिचे पंख तुटतात. बरोबर आणलेले पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतल्या नरांना पंखच नसतात. अंधारात मीलन करायचं, माद्यांना बाहेर पडायला भोक कोरायचं आणि संपायचं. या जोडीचा इतिहास काही कोटी वर्षांचा आहे. याशिवाय बाहेरूनच फळात लांब नळी खुपसून, परागाचं काहीही काम न करता अंडी घालणाऱ्या परोपजीवी माश्याही आहेतच.

हे सगळं देवाने ठरवून केलं असं म्हटलं, की त्या माश्यांचा जाबही देवालाच विचारावा लागतो. डार्विनने 22 मे 1860 रोजी एसा ग्रे या श्रद्धाळू वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलेल्या पत्रात नेमकी हीच बोच सांगितली होती: सुरवंटाला जिवंतपणी आतून खाणारी गांधीलमाशी दयाळू देवाने मुद्दाम घडवली, असं मानणं त्याला जमत नव्हतं. या वाटेवरचे लोक याला उत्तर देतात: देवाने नियम घालून दिले, प्रत्येक तपशील नाही. उत्तर विचारी आहे. माझं त्याने पुरतं समाधान झालं नाही, तुमचं कदाचित होईल.

तिसरी वाट दोघांची कामं वेगळी ठेवण्याची. स्टीफन जे गूल्ड या जीवाश्मशास्त्रज्ञाने 1997 मध्ये ती नेमकी मांडली: सृष्टी कशी घडली हे विज्ञान सांगेल, जगायचं कसं आणि कशापुढे नमायचं हे धर्म सांगेल. हिच्यावर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. नवसाने आजार बरा होतो असं म्हणताच धर्म विज्ञानाच्या हद्दीत येतो, तेव्हा माघार श्रद्धेला घ्यावी लागते. ही किंमत थोडी नाही, ज्यांना ती जड वाटते त्यांना मी दोष देणार नाही. मला मात्र ती परवडली. वर्गात कुठल्याही प्रश्नाला मला ‘पुरे’ म्हणावं लागलं नाही, आणि औदुंबराला प्रदक्षिणा घालताना केंबरांचा हिशेब देवाकडे मागावासा वाटला नाही. उलट त्या झाडाशी आपलं दूरचं का होईना, रक्ताचं नातं आहे हे कळल्यापासून हात अधिक मनापासून जोडले जातात.

घरात म्हातारी माणसं असतील आणि वाद नको असेल, तर दुसरी वाट निवडायला माझी हरकत नाही. लहान मुलाला दशावतार जरूर सांगा, पण कथा म्हणूनच. मूल विज्ञानाकडे झुकणारं असेल, तर मी तिसरी वाट सुचवेन. सीबीएसईच्या शाळेत असेल तर जरा अधिक लक्ष द्या: 2023 पासून एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात उत्क्रांतीचा भाग उरलेला नाही, तो थेट बारावीच्या जीवशास्त्रात भेटतो आणि बारावीला जीवशास्त्र न घेणाऱ्याला कधीच भेटत नाही. तेव्हा एक भिंग घ्या, झाडाखाली पडलेली दोन-चार उंबरं उचला, आणि धडा घरीच सुरू करा.