काळा घोडा, राणीची बाग की गिरगावचा पाडवा?

पंचांगातला वसंत चैत्र-वैशाखात येत असला, तरी मुंबईतल्या कुटुंबाला बाहेर पडण्याजोगे दिवस त्याआधीच सुरू होतात आणि लवकर संपतात. जानेवारीअखेरचा सकाळचा गारवा गेला की पुढे घाम आणि वार्षिक परीक्षा यांच्या मधून वाट काढावी लागते. नेमक्या याच काळात शहरात कार्यक्रमांची गर्दी होते. उपनगरात राहणारे, शाळकरी मुले आणि सत्तरीच्या आजी असलेले कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून ही तुलना केली आहे. असे कुटुंब या तीन-चार महिन्यांत फार तर दोनदा एकत्र बाहेर पडते, असा माझा अनुभव आहे. म्हणून कार्यक्रम किती गाजलेला आहे यापेक्षा घरातले सर्वांत आधी कोण थकते, हे पाहून निवड करावी, असे माझे मत आहे.

काळा घोडा कला महोत्सवाचे नाव अर्थातच पहिले निघते. १९९९ साली सुरू झालेला हा महोत्सव जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात, एका शनिवारपासून पुढच्या आठवड्याच्या रविवारपर्यंत, असा नऊ दिवस चालतो. प्रवेश विनामूल्य असतो. नृत्य, संगीत, नाटक, साहित्य, चित्रपट, वारसा-फेऱ्या आणि मुलांच्या कार्यशाळा असा त्याचा पसारा असून, इतक्या विविध गोष्टी एका हाकेच्या अंतरावर शहरात एरवी कुठेही मिळत नाहीत. मात्र महोत्सव पाहणे म्हणजे रॅम्पार्ट रो वरून चालत राहणे, असा समज करून घेऊन बहुतेक कुटुंबे तिथे जातात आणि मांडणशिल्पांपुढे छायाचित्रे काढणाऱ्यांच्या रेट्यात अडकून परत येतात. मीही एकदा शेवटच्या रविवारी संध्याकाळी बाबागाडी घेऊन तिथे गेलो होतो. पाऊण तासात जेमतेम शंभर पावले पुढे सरकलो आणि बाळ झोपले एवढाच काय तो लाभ झाला.

हा महोत्सव खरा कळतो तो आडबाजूच्या ठिकाणी. डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या मागच्या बागेत साहित्याचे कार्यक्रम होतात, तिथे बसायला खुर्ची असते आणि डोक्यावर झाडाची सावली. आजींसाठी याहून चांगली जागा त्या परिसरात मला सापडलेली नाही. मुलांच्या कार्यशाळांपैकी अनेकींना आधी नाव नोंदवावे लागते आणि नोंदणी भराभर संपते, त्यामुळे कार्यक्रमपत्रिका जाहीर होताच ती वाचून ठेवणे आवश्यक आहे. शाळा सकाळची असेल तर आठवड्यातल्या एखाद्या दुपारी जावे. शनिवार-रविवारखेरीज पर्याय नसेल, तर सकाळी लवकर पोहोचून जेवणाच्या वेळेपर्यंत निघावे. मेट्रो ३ चे हुतात्मा चौक स्थानक झाल्यापासून चालणे बरेच वाचते, आणि रविवारी लोकलच्या मेगाब्लॉकला हा एक पर्यायही झाला आहे.

ज्या घोड्यावरून या परिसराला नाव मिळाले तो मात्र तिथे नाही. सातव्या एडवर्डचा तो अश्वारूढ पुतळा १९६५ साली भायखळ्याच्या राणीच्या बागेत हलवला गेला. आज काळ्या घोड्याच्या चौकात दिसतो तो स्वाराविना घोडा २०१७ साली उभारलेला आहे. मुलांना ही गोष्ट सांगून मग मूळ घोडा दाखवायला भायखळ्याला नेले, तर दोन ठिकाणांची एकच गोष्ट होते, आणि दुसरा कार्यक्रम आपोआप ठरतो.

वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, म्हणजे आपल्या राणीच्या बागेत, महापालिकेचे फुलांचे, फळांचे आणि भाज्यांचे प्रदर्शन साधारण याच सुमारास तीन दिवस भरते. कुंडीतल्या वांग्या-टोमॅटोंपासून फुलांनी सजवलेल्या भल्यामोठ्या आकृत्यांपर्यंत सगळे तिथे असते. काळ्या घोड्याला कलेचे जितके वजन आहे तितके इथे नाही, हे मान्य केले पाहिजे. कार्टूनमधल्या पात्रांवर शेवंती टोचण्याची हौस मला फारशी भावत नाही. तरीही आजी आणि पाच वर्षांचे नातवंड या दोघांनाही सारखेच रमवणारे ठिकाण विचाराल, तर मी हेच नाव घेईन. आजींना प्रत्येक रोपाचे नाव माहीत असते, मुलाला विचारायला कुणीतरी हवे असते, आणि बसायला बाकेही असतात. गर्दी इथेही होते, पण बाग मोठी असल्यामुळे ती पांगते. प्रदर्शन पाहून झाल्यावर पेंग्विन आहेत, गोरखचिंचेचे अवाढव्य झाड आहे, आणि आवारातच १८७२ साली खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, ज्याच्या बाहेर घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. या हत्तीवरूनच पोर्तुगीजांनी घारापुरी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. भायखळा स्थानकावरून चालत दहा-पंधरा मिनिटे लागतात. पश्चिम रेल्वेने येणाऱ्यांना दादरला गाडी बदलावी लागते, ही एक कटकट आहे. एरवी कधी जायचे झाले, तर बाग बुधवारी बंद असते हे लक्षात ठेवावे.

गिरगावची पाडव्याची शोभायात्रा हा या दोहोंपेक्षा वेगळ्याच जातीचा अनुभव आहे. इथे कार्यक्रमपत्रिका नसते, खुर्ची नसते आणि मधूनच निघून जाण्याची सोयही फारशी नसते. उंच गुढी, ढोल-ताशा पथके, लेझीम, चित्ररथ, नऊवारी नेसून फेटा बांधलेल्या आणि बुलेटवर स्वार झालेल्या बायका, चाळींच्या सज्जांतून वाकून पाहणारी माणसे, हे सारे दूरचित्रवाणीवर पाहणे आणि ठाकूरद्वारच्या नाक्यावर उभे राहून पाहणे यांत फार अंतर आहे. ढोलाचा आवाज कानाआधी छातीत पोहोचतो. दहा-बारा वर्षांच्या मुलाला तो आवाज वर्षभर पुरतो; तीन वर्षांचे मूल मात्र पहिल्या पथकालाच घाबरून रडते, आणि मग कडेवर मूल घेऊन गर्दीतून मागे फिरणे हे पालकांचे काम होऊन बसते. तिथी पंचांगाप्रमाणे सरकत असल्यामुळे उन्हाचा अंदाजही दरवर्षी वेगळा धरावा लागतो: २०२४ साली पाडवा ९ एप्रिलला होता, २०२५ साली ३० मार्चला. चर्नी रोड स्थानक किंवा मेट्रोचे गिरगाव स्थानक सोयीचे आहे. सकाळी आठच्या आत जागा धरावी आणि अकराच्या सुमारास निघावे. गिरगावात कुणा नातेवाइकाची गॅलरी असेल, तर ही सगळी अट शिथिल होते आणि आजीही येऊ शकतात.

अशी गॅलरी नसेल, तर गिरगावचा हट्ट धरू नये. पाडव्याच्या शोभायात्रांची आजची प्रथा डोंबिवलीत १९९९ साली सुरू झाली असे मानले जाते आणि ती आता ठाणे, मुलुंड, पार्ले अशी सर्वत्र पसरली आहे. आपल्या उपनगरातल्या यात्रेत भव्यता कमी असते, परंतु मुलगी शाळेच्या लेझीम पथकात नाचत असते आणि आजी कोपऱ्यावरच्या ओट्यावरून तिला पाहत असतात.

महालक्ष्मी सरस या बचतगटांच्या प्रदर्शनाचे नाव केवळ जेवणासाठी घेतो. गावोगावच्या बायकांच्या हातची भाकरी, ठेचा, मटण हे त्याचे खरे आकर्षण; मुलांसाठी तिथे विशेष काही नसते आणि तारखाही दरवर्षी बदलतात.

ज्यांना फेब्रुवारीत जमले नाही, त्यांच्यासाठी एप्रिल-मे महिन्यांतली बालनाट्ये उरतात, आणि त्यांना दुय्यम समजण्याचे कारण नाही. सुधा करमरकर यांनी १९५९ साली लिटल थिएटर सुरू केले तेव्हापासून मुंबईतल्या मराठी मुलांच्या सुट्टीचा तो एक हक्काचा भाग आहे. दादरचे शिवाजी मंदिर, पार्ल्याचे दीनानाथ, बोरिवलीचे प्रबोधनकार, मुलुंडचे कालिदास यांपैकी एखादे नाट्यगृह बहुतेकांच्या आवाक्यात असते. वातानुकूलित सभागृह, बसायची हमी, दोन-सव्वा दोन तासांचा ठरलेला वेळ आणि मध्यंतरातला बटाटावडा, या सोयी वरच्या कोणत्याही कार्यक्रमात एकत्र मिळत नाहीत. तिकीट काढावे लागते, आणि दर्जा नाटकागणिक बदलतो. राक्षस आणि चेटकिणीचा नुसता आरडाओरडा असलेले प्रयोगही भरपूर असतात.

माझ्या डोळ्यांपुढच्या कुटुंबाने फेब्रुवारीत राणीची बाग आणि मे महिन्यात एक बालनाट्य अशी निवड करावी. मुले आठवीच्या पुढची असतील, तर त्यांना मित्रांबरोबर काळ्या घोड्याला आठवड्यातल्या एखाद्या दुपारी पाठवावे आणि स्वतः मागे राहावे. बालनाट्याची तिकिटे काढताना आजींसाठी मधल्या वाटेलगतची खुर्ची मागावी, आणि ती बाल्कनीत नाही याची खात्री करून घ्यावी.