‘२.४ आरामात बसतो’ म्हणून विकलेली फ्रेम

जाहिरातीत एवढंच होतं: ‘२९ची अॅलॉय फ्रेम, २.४चा टायर आरामात बसतो.’ (माउंटन बाईकच्या चाकाचा आकार २९ इंच, टायरची रुंदी २.४ इंच.) सोबत स्टँडवर टांगलेल्या फ्रेमचा फोटो, मागचं चाक लावलेलं, दोन्ही बाजूंना चांगली ऐसपैस जागा. पुण्यातल्या एका दुकानातून कॉलेजच्या एका मुलाने ती १४ हजारांना घेतली. चाकं त्याच्याकडे होतीच, त्यांवर २.४चे टायर. मागचं चाक बसलं, हाताने फिरवून पाहिलं, कुठे लागलं नाही. दीड महिन्यात, वेताळ टेकडीच्या आठ-दहा फेऱ्या झाल्यावर, उजव्या चेनस्टेच्या (मागच्या चाकाशेजारून पेडलकडे जाणाऱ्या खालच्या नळीच्या) आतल्या अंगाचा रंग उडून अॅल्युमिनियमचा चकचकीत पट्टा उघडा पडला. नख फिरवलं की खाचेत अडकत होतं. दुकानदाराचं उत्तर: ‘टायर बसला होता ना? मग आता काय?’

टायर बसला होता, हे खरंच आहे. पण बसणं वेगळं आणि चालणं वेगळं. स्टँडवर चाकावर भार नसतो. टेकडीचा चढ उभं राहून मारला की रिम आणि फ्रेमचा मागचा भाग मिळून टायर एक-दोन मि.मी. बाजूला झुकतो. चाक थोडं आऊट (वाकडं फिरणारं) असलं तर त्यात आणखी भर. एखादा स्पोक तुटला तर चाक वाटेतच स्टेला टेकून अडकू शकतं. त्यात आपल्या टेकड्यांवरचा मुरूम आणि बारीक दगड टायरच्या गुट्ट्यांमध्ये बसतात आणि प्रत्येक फेऱ्याला स्टेवर कानशीसारखे घासतात. पावसाळ्यात शेतातली काळी माती टायरला लिंपली की उरलीसुरली जागाही जाते. म्हणून माउंटन बाईकला टायरच्या प्रत्येक बाजूला निदान ६ मि.मी. मोकळे हवेत. हे मोजायला वेगळं हत्यार लागत नाही. ६ नंबरची (६ मि.मी. जाडीची) अॅलन की टायर आणि स्टेच्या मध्ये सरळ घाला आणि चाक पूर्ण एक फेरा फिरवा. कुठेही अडली तर तो टायर त्या फ्रेमचा नाही. फोटोतल्या जागेवर विश्वास ठेवू नका, कारण कॅमेरा कुठल्या कोनात धरला यावर ती दुप्पटही दिसते.

या मुलाला नेमकं कसं फसवलं, ते मोजमाप घेतल्यावर उलगडलं. फोटोतल्या चाकावर टायर २.१चा होता आणि रिम आतून १९ मि.मी. रुंद. टायरवर छापलेली रुंदी आणि रिमवर चढल्यावरची खरी रुंदी एक नसते. रिम आतून १ मि.मी. रुंद झाली की टायर साधारण ०.४ मि.मी. फुगतो. १९च्या रिमवर तो २.१ जेमतेम ५१ मि.मी. भरला. मुलाची रिम ३०ची, त्यावर २.४चा टायर भरला ६१. त्या ठिकाणी दोन चेनस्टेंमधली आतली जागा ६८ मि.मी. म्हणजे दुकानातल्या टायरला प्रत्येक बाजूला साडेआठ मि.मी. आणि मुलाच्या टायरला साडेतीन. त्यातही चाक एक मि.मी. उजवीकडे सरकलेलं, म्हणून आधी उजवा स्टे खाल्ला गेला.

खरी लबाडी याहून खोल होती. बीबीच्या (पेडलचा आस जिथे बसतो त्या भागाच्या) खाली कोरलेल्या नंबरावरून चौकशी केली तेव्हा कळलं की फ्रेम मुळात २७.५च्या चाकाची. जुने स्टिकर काढून, नवा काळा रंग मारून ती २९ची म्हणून विकली होती. २७.५ आणि २९ या दोन आकड्यांच्या मध्ये काय दडलंय, ते नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. टायरच्या बाजूला बारीक अक्षरांत ६१-६२२ असं काहीतरी कोरलेलं असतं. पहिला आकडा रुंदीचा, दुसरा रिमच्या बैठकीच्या व्यासाचा, दोन्ही मि.मी.मध्ये. २९साठी ६२२, २७.५साठी ५८४, जुन्या २६साठी ५५९. ६२२ आणि ५८४ मध्ये फरक ३८चा, म्हणजे त्रिज्येत १९. त्यामुळे २९चा टायर एक्सलपासून १९ मि.मी. पुढे, बीबीच्या दिशेने सरकतो. आणि चेनस्टे तर बीबीकडे जाताना अरुंद होत जातात, कारण उजवीकडे चेनरिंगला आणि दोन्ही बाजूंना क्रँकला (पेडलच्या दांड्याला) जागा द्यावी लागते. म्हणून २७.५चा २.६ ज्या फ्रेममध्ये सुखाने फिरतो, तिथे २९चा २.४ घासू शकतो. विकणारा ‘२.६ बसतो’ म्हणतो तेव्हा ते खोटंही नसतं. फक्त कुठल्या चाकावर, ते तो सांगत नाही.

नुसती फ्रेम घेत असाल, चाक हाताशी नसेल, तर हे करा. मागच्या ड्रॉपआउटमध्ये (एक्सल जिथे बसतो त्या खाचेत) एक्सलचं केंद्र जिथे येतं तिथून चेनस्टेच्या लगत पुढे टेप धरा. २९च्या २.४ टायरची सगळ्यात रुंद जागा एक्सलपासून साधारण ३४० मि.मी.वर येते, २७.५ला साधारण ३२०वर. दोन्ही स्टेंवर त्या जागी मास्किंग टेपचा तुकडा लावा आणि मधली आतली जागा व्हर्नियरने मोजा. २.४ म्हणजे ६१ मि.मी., दोन बाजूंचे बारा मिळून ७३. तेवढी जागा नसेल तर त्या फ्रेममध्ये २.४ चालणार नाही, विकणारा काहीही म्हणो. मग ३४० ते ३८० मि.मी.च्या पट्ट्यात आडवा ब्रिज (दोन स्टे जोडणारी नळी), सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) किंवा पुढच्या डिरेल्युरचा (गिअर बदलणाऱ्या यंत्रणेचा) पिंजरा येतो का, ते पाहा. टायरचा माथा ३७२च्या आसपास पोहोचतो. तिथेही सहा मि.मी. हवेतच. सीटस्टेच्या (सीटकडे जाणाऱ्या वरच्या नळ्यांच्या) जोडाजवळ हेच परत मोजा. बरेच जण फक्त खालचे स्टे पाहून उठतात.

हातात असलेला टायर मोजतानाही घाई नको. नवा टायर रिमवर चढवून पूर्ण हवेत एक-दोन दिवस ठेवला की तो एखाद-दोन मि.मी. पसरतो. दुकानात नुकताच चढवलेला, हवा कमी भरलेला टायर जितका दिसतो त्यापेक्षा घरी रुंद होतो. मोजायचा तो बाहेरच्या गुट्ट्यांपासून गुट्ट्यांपर्यंत आणि कापडाच्या पोटापाशीही. दोन्हींपैकी मोठा आकडा धरा, स्वतःच्या रिमवरचा, नेहमीच्या हवेवरचा.

आणखी एक प्रकार सरकत्या ड्रॉपआउटचा. एक्सल पुढे-मागे करता येतो अशा फ्रेममध्ये फोटोसाठी चाक अगदी मागच्या टोकाला ओढून ठेवतात. टायर आणि ब्रिजमध्ये ऐसपैस जागा दिसते. घरी चेन आणि ब्रेक कॅलिपर नीट बसवायला चाक १०-१५ मि.मी. पुढे घ्यावं लागलं की जागा संपते. विकणाऱ्याला चाक पुढच्या टोकाला आणून दाखवायला सांगा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

सगळ्यात वाईट प्रकार, आणि याबद्दल आम्ही मनापासून कळकळीने सांगतो: व्हाइसमध्ये धरून दाबलेले स्टे. जागा कमी पडते म्हणून अॅल्युमिनियमचा स्टे आतून चेपतात, वर पुट्टी भरतात आणि रंग मारतात. काही कंपन्या मुळातच स्टेला खोलगट आकार देतात, त्यामुळे प्रत्येक खोलगटपणा संशयास्पद नसतो. फरक असा: कारखान्यातला आकार दोन्ही बाजूंना सारखा, कडा गोलसर, रंग अखंड. दाबलेल्या ठिकाणी एका बाजूला जास्त, जबड्याच्या सरळ रेघा, रंगात केसासारख्या भेगा. नाण्याने हलकं टकटक करत स्टेवरून जा. मोकळी नळी वाजते, पुट्टीवर आवाज बसका येतो. स्टीलची फ्रेम असेल तर लोहचुंबक फिरवा, पुट्टीवर तो सैल धरतो. फक्त मागच्या स्टेंच्या आतल्या बाजूलाच ताजा रंग असेल, तर तिथे आधी टायर घासून गेलेला असण्याची दाट शक्यता. कार्बनच्या फ्रेमला आतून पॉलिश पेपर मारून जागा केलेली दिसली तर किंमत विचारू नका. धागे कापले गेलेले असतात, आणि ती कधी तुटेल ते बाहेरून दिसत नाही.

फ्रेम वाकडी आहे का, तेही दोऱ्याने कळतं. एका ड्रॉपआउटपासून दोरा हेडट्यूबला (हँडलखालच्या पुढच्या नळीला) वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा. सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. ते सारखं हवं. दोन-तीन मि.मी.चा फरक असेल तर एका बाजूची जागा कागदावर आहे, प्रत्यक्षात नाही. चाक मध्यावर आहे का हे डिश गेजने वेगळं तपासा, नाहीतर चाकाचा दोष फ्रेमवर आणि फ्रेमचा चाकावर ढकलला जातो.

पुढचा चिमटा सस्पेन्शनचा असेल तर त्यातली हवा सोडून तो पूर्ण दाबा. टायरचा माथा आणि चिमट्याचा मुकुट (वरचा आडवा भाग) यांच्यात तेव्हाही जागा उरायला हवी. मागे घासलं तर फ्रेम जाते. पुढे टायर मुकुटाला टेकला तर चाक जागीच अडून माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. मागेही सस्पेन्शन असेल तर शॉकची हवा काढून तीच तपासणी सीट ट्यूबपाशी करा.

व्यवहाराबद्दल थोडं. मुलाच्या बिलावर होतं ‘१ सायकल फ्रेम’, बस्स. बिलावर किंवा निदान लेखी मेसेजमध्ये हे वाक्य घ्या: ‘२९ची फ्रेम, मागे ६१ मि.मी. रुंद टायर, प्रत्येक बाजूला ६ मि.मी. मोकळे.’ शिवाय फ्रेम नंबर. नंबर कानशीने घासलेला दिसला तर फ्रेम चोरीची असू शकते, तिथून निघा. दुकानातून घेतली असेल आणि वर्णन खोटं निघालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, राहत्या जिल्ह्यातूनही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाचं शुल्क नाही. खासगी माणसाकडून जुनी फ्रेम घेतली असेल तर हा रस्ता सहसा बंद असतो, म्हणून तिथे मोजल्याशिवाय पैसे देऊच नका. ऑनलाइन आगाऊ पैसे घेऊन कुणी गायब झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथे तासातासाने फरक पडतो.

घासलेली फ्रेम हाती आलीच असेल, तर आधी खाच पाहा. नुसता रंग गेला असेल तर लहान टायर लावा, ६ची अॅलन की पुन्हा फिरवून खात्री करा, उघड्या जागेवर रंग किंवा लॅकर लावा. नख अडकण्याइतकी खाच अॅल्युमिनियममध्ये असेल, तर ती फ्रेम चालवू नका. अॅल्युमिनियम अशाच खाचेपासून तडकत जातं, आणि टेकडीच्या उतारावर ते सूचना देऊन तुटत नाही. वेल्डिंगचा विचारही नको. उष्णतेने त्या जागेची ताकद जाते, आणि पुन्हा उष्णता प्रक्रिया करून देणारं कुणी गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडे नसतं. भंगारात देताना दोन्ही चेनस्टे करवतीने कापून द्या, म्हणजे तीच फ्रेम पुट्टी आणि रंग चढवून पुन्हा दुकानात टांगता येणार नाही.