नक्षीला भुलून घेतलेला घडीचा चाकू

गेल्या मे महिन्यात क्रॉफर्ड मार्केट परिसरातील एका दुकानातून मी 2,600 रुपयांना घडीचा चाकू घेतला आणि पुरता फसलो. सह्याद्रीतील भटकंतीसाठी असा चाकू घेणाऱ्यांना हा फटका बसू नये, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी सुरेख नक्षी होती. "साहेब, अस्सल दमास्कस पोलाद, 67 थरांचं," असे दुकानदाराने छातीठोकपणे सांगितले. शेजारीच त्याच किमतीचा साधा, दणकट चाकू होता, पण त्याच्याकडे मी वळूनही पाहिले नाही.

जुलैत राजमाचीला दोरी कापताना पाते अचानक मिटले आणि तर्जनीला तीन टाके पडले.

नंतर परळच्या एका वयस्कर धारवाल्यांना तो चाकू दाखवला. त्यांनी पात्याची पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजूची जाड कड, माझ्यासमोर धरली. "बघा, इथं एक तरी रेघ आहे का?" आज दमास्कस म्हणून मिळणारे पोलाद दोन जातींच्या पोलादांचे थर भट्टीत तापवून, ठोकून एकजीव केलेले असते, निकेल असलेला थर आम्लात चकाकता राहतो, दुसरा काळवंडतो, आणि हे थर आरपार असल्यामुळे रेषा पाठीवरही दिसायला हव्यात. काकांनी मुठीजवळ बारीक पॉलिश पेपर चार वेळा फिरवला, तशी नक्षी पुसली गेली. खरी नक्षीही घासल्याने फिकी होते, परंतु फेरिक क्लोराइड या आम्लधर्मी रसायनाच्या द्रावणात बुडवल्यावर पुन्हा उमटते. माझ्या पात्यावर काहीही उमटले नाही.

नक्षीत पैसे गेले, पण उघडलेले पाते मिटू न देणाऱ्या खटक्याने बोटच जायची वेळ आणली होती. पाते उघडताच मुठीतील पोलादी पट्टीने त्याच्या बुडामागे सरकून घट्ट बसायला हवे. माझ्या चाकूत ती जेमतेम कडेला टेकत होती आणि इतकी पातळ होती की अंगठ्याने वाकत होती. दुकानातच पाते उघडून, बोटे त्याच्या वाटेतून दूर ठेवून, पाठीवर हळूहळू दाब दिला असता, तर हे तिथेच कळले असते.

दुकानदाराने चाकू परत घेण्यास साफ नकार दिला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार करता येते. मात्र पक्के बिल घ्या आणि त्यावर 'दमास्कस' हा शब्द दुकानदाराकडूनच लिहून घ्या. माझ्या कच्च्या पावतीवर 'चाकू, 2,600' एवढेच लिहिलेले आहे.